बाकी चौदा रुपये

रिद्धपुरात रेडिओ दुरुस्त करणारे एकच होते, आणि त्यांना सगळं गाव मास्तर म्हणे. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. कुणी म्हणत, त्यांचे वडील मास्तर होते. कुणी म्हणत, ज्याला गावात दुसऱ्या कुणाला न येणारी गोष्ट येते तो मास्तर. मी दुसरं कारण खरं धरतो. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना ते रुचलं नसतं.

दुकान म्हणजे बाजाराच्या वाटेवरची एक खोली. पुढे लाकडी फळी, मागे मांडणी, मांडणीवर पाठ उघडे पडलेले मर्फी, बुश, फिलिप्स, नेल्को. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतून बंडीत चादरीत गुंडाळलेले रेडिओ येत. तेव्हा रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी फी भरून त्यावर तिकीट लावून घ्यावं लागे. काही लोक दुरुस्तीला रेडिओ आणताना ते पुस्तकही सोबत आणत. मास्तर त्याला हात लावत नसत. "हे पोस्टमास्तरले दाखव, मले रेडिओ दाखव," एवढंच. दसऱ्याला शेजारचा लोहार, सुतार आपापल्या हत्यारांना हळदकुंकू वाहत. मास्तर महानुभाव पंथाचे. त्यांच्या खोलीत फोटो नव्हता, नारळ नव्हता. त्या दिवशी ते फक्त डाग द्यायच्या इस्त्रीचं टोक कानशीनं घासून स्वच्छ करत आणि राळेच्या डबीत बुडवून पाहत. आलेल्या-गेलेल्याला "दंडवत प्रणाम" म्हणून पुन्हा मान खाली घालत.

मी शाळा सुटल्यावर तिथं जाऊन बसे. मला त्यांनी शिष्य केलं नाही, हाकललंही नाही. फळीच्या आतल्या बाजूला एक उलटा डबा होता, तो माझा. कितीतरी महिने मला कशालाच हात लावू दिला नाही. ऐकायचं आणि बघायचं.

त्यांची एक खोड होती, ती मला फार उशिरा उमगली. गिऱ्हाईक आलं की ते रेडिओ उघडत नसत. आधी विचारत, बंद पडला तेव्हा कोण ऐकत होतं? घरधनी म्हणे, मी शेतात होतो. "मंग जी ऐकत होती तिले घेऊन ये." गडी चिडत. पण पुढच्या बाजाराला डोक्यावर पदर घेतलेली बाई येऊन फळीपाशी उभी राही आणि सांगे की आधी आवाज फाटला, मग बारीक झाला, मग गेला. किंवा आधी भोंग्यासारखी घरघर आली आणि दोन दिवसांनी धूर. मास्तर मान डोलावत. पुढे मी त्यांना विचारलं की पाना हातात असताना एवढी चौकशी कशाला. ते म्हणाले, "म्हाइंभटानं काय केलं? आपलेच मनानं लिहिलं काय?"

ज्यांना रिद्धपूर माहीत नाही त्यांच्यासाठी एवढं सांगायला हवं, की श्रीगोविंदप्रभूंचं हे गाव महानुभावांची काशी. चक्रधरस्वामींच्या पश्चात म्हाइंभटांनी त्यांच्या सहवासातल्या माणसांना गाठून गाठून आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून त्या तपासून घेतल्या आणि शके 1200च्या सुमारास 'लीळाचरित्र' इथंच सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ आहे, हे शाळेत पाठ करून आम्ही परीक्षेत लिहिलं. पण ज्यानं पाहिलं त्यालाच विचारायचं, ही त्यामागची शिस्त मला एका रेडिओवाल्याकडून कळली. आता गावात मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे, तिथं ही गोष्ट अधिक नीट शिकवत असतील. माझी शिकवणी उलट्या डब्यावर झाली.

आमच्या घरचा रेडिओ साऱ्या पंचक्रोशीत वेगळा होता. थोरले काका राउरकेल्याच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. तो कारखाना जर्मनांच्या मदतीनं उभा राहिला. 1959च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली भट्टी सुरू झाली, तेव्हा काका तिथं होते, हे ते दर दिवाळीला सांगत. जर्मन माणसं काम आटोपून मायदेशी परतू लागली तेव्हा जड सामान विकून जात. तसा एका साहेबाचा ग्रुंडिग काकांनी घेतला आणि गवताच्या गाद्यांत बांधून, आगगाडीनं, बसनं, शेवटी बंडीनं रिद्धपूरला आणला. अक्रोडी रंगाचं चकचकीत लाकूड, पुढे पियानोच्या पट्ट्यांसारखी हस्तिदंती बटणं, काचेवर कधी न ऐकलेल्या शहरांची नावं आणि मधोमध हिरवा डोळा. स्टेशन बरोबर लागलं की डोळ्यातल्या दोन पट्ट्या एकमेकींकडे सरकत.

तो स्टिरिओ होता. म्हणजे आत दोन स्वतंत्र वाटा, डावी आणि उजवी, प्रत्येकीला आपला व्हॉल्व्ह, आपला ट्रान्सफॉर्मर, आपले स्पीकर. गंमत अशी की त्या काळी इथं ऐकायला स्टिरिओ काहीच नव्हतं. नागपूर केंद्र मीडियम वेव्हवर, 585 किलोहर्ट्झला. तिथून येणारा आवाज एकच, तो दोन्ही बाजूंनी सारखा निघे. खऱ्या दोन वाटा लागत त्या फक्त तबकडीला, आणि आमच्याकडे तबकडी वाजवायचं यंत्र नव्हतं. 'यूकेडब्ल्यू' लिहिलेलं बटण दाबलं की नुसता फुस्स आवाज. ते एफएमचं बटण होतं. भारतात एफएम पहिल्यांदा ऐकू आलं ते 1977मध्ये, तेही मद्रासला. तरी आजोबा पाहुण्यांना ते बटण हटकून दाबून दाखवत. नसलेल्या स्टेशनाचा तेवढा अभिमान मी दुसऱ्या कुणात पाहिला नाही.

त्यावर आम्ही राष्ट्रसंतांची खंजिरी भजनं ऐकली, शेतकऱ्यांचे कार्यक्रम ऐकले, बुधवारी रात्री आठला शॉर्टवेव्हवर सिलोन लावून बिनाका गीतमाला ऐकली. सिलोन कधी जवळ येई, कधी दूर जाई आणि अमीन सायानींचं अर्धं वाक्य वाऱ्यावर जाई.

पुढे टीव्ही आला, घर विभागलं, मी नोकरीसाठी अमरावतीला राहू लागलो आणि ग्रुंडिग माडीवर कापसाच्या पोत्यांमागे गेला. फार वर्षांनी घराची डागडुजी काढली तेव्हा तो खाली आला. उंदरांनी डायलची दोरी खाल्ली होती आणि स्पीकरच्या कापडामागे सरकीसकट घर केलं होतं. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं मागचा पुठ्ठा न काढताच निकाल दिला, की आतलं सगळं फेका, ब्लूटूथचा बोर्ड बसवा, बाहेरून जुना दिसेल. ते ऐकून मी सेट उचलला आणि गाडीत टाकून थेट रिद्धपूरला नेला.

मास्तर तेव्हा ऐंशीच्या पुढे होते. दुकान केव्हाच उठलं होतं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. ओसरीवर बाज टाकून बसलेले. मी सेट जमिनीवर ठेवला, त्यांनी हात पुढे केला आणि लाकडावरून, बटणांवरून, मागच्या पुठ्ठ्यावरून बोटं फिरवली.

"राउरकेलाचा," ते म्हणाले. "हाव, हा माह्या हातचा हाय. काय म्हणून राह्यला?"

"बंदच आहे मास्तर. तुम्ही सांगा, मी करतो."

"मी कायले सांगू? त्यालेच इचार. माह्ये डोये गेले, त्याचे नाई गेले."

मग काम सुरू झालं. पहिल्यांदा थेट वीज द्यायची नाही. त्यांच्या नातवानं माळ्यावरून जुना सिरीज बोर्ड काढून दिला, त्यात मी शंभर वॅटचा बल्ब लावला. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि सेट वाचतो. सगळं ठीक असेल तर क्षणभर चमकून मंद होतो. मागची व्होल्टेजची निवड 220 वरून 240 वर फिरवली. आमच्याकडे शेतातले पंप चालू असले की दाब एकशे ऐंशीवर येतो, आणि रात्री पंप बंद पडले की अडीचशेला टेकतो. जर्मन कारखान्यात बसून हे कुणाच्या ध्यानात येणार? बटण दाबलं. बल्ब चमकला, मंदावला, थोडा लालसर राहिला. व्हॉल्व्हच्या आतल्या तारा हळूहळू केशरी झाल्या. मग आवाज आला. मोठी, जाड घरघर, आणि तिच्यामागे कुठेतरी खोल नागपूर.

"थांब," मास्तर म्हणाले. "घरघर दोह्यकडून हाय का एक्याच आंगानं?"

मी एका स्पीकरला कान लावला, मग दुसऱ्याला. "दोन्हीकडून सारखी."

"मंग ते दोघायच्या वाट्याचं आहे. वीज दोघायले एकच. अन् गानं?"

डावीकडे गाणं स्वच्छ होतं. उजवीकडे फाटकं, दाबलेलं.

"ते एकट्या उजवीचं आहे," ते म्हणाले आणि बाजेवर मागे टेकले. अर्धं निदान झालं होतं आणि मी अजून चेसिसला हातही लावला नव्हता.

स्टिरिओ सेट दुरुस्त करण्यातलं सगळं शहाणपण मला त्या दोन प्रश्नांत सापडलं. जे दोन्हीकडे बिघडलं ते समाईक भागात शोधायचं, म्हणजे वीजपुरवठ्यात किंवा रेडिओच्या पुढच्या भागात. जे एकाच बाजूला बिघडलं ते त्या बाजूच्या वाटेत. आणि नकाशा हाती नसला तरी बिघडत नाही, कारण चालू बाजू हाच बिघडलेल्या बाजूचा नकाशा असतो. डावीच्या एखाद्या टोकाला जितके व्होल्ट, तितकेच उजवीच्या त्याच टोकाला हवेत. एकाच मांडणीचे दोन संसार शेजारी शेजारी चाललेले असतात. एकात भांडण झालं तर दुसऱ्याच्या घरात डोकावून पाहायचं.

वीज काढली. फिल्टर कंडेन्सरमध्ये तीनशे व्होल्ट बराच वेळ साठून राहतात, प्लग काढलेला असला तरी. मास्तरांनी मला लहानपणी शिकवलेली पहिली गोष्ट हीच: एक हात पाठीमागे ठेवायचा आणि रेझिस्टन्स लावून कंडेन्सर रिकामा करायचा. स्क्रू ड्रायव्हरनं ठिणगी पाडणारे कारागीर त्यांना मुळीच आवडत नसत. मी मीटरनं खात्री केली, मग चेसिस बाहेर काढली.

तेवढ्यात त्यांनी नातवाला हाक मारली, "ते काई वही आन रे." वही काळ्या पुठ्ठ्याची होती, पानं पिवळी पडून कडांना तुटलेली. त्यांनी आयुष्यभर केलेल्या प्रत्येक कामाची नोंद तिच्यात होती: तारीख, गाव, सेट, रोग, काय घातलं, किती आले, किती बाकी. "जर्मनचं पान काढ," ते म्हणाले. नातू शोधत राहिला, मग मीच घेतली. 1983च्या पानावर, निळ्या शाईत, बारीक सरळ अक्षरात: ग्रुंडिग, रिद्धपूर. डावी बाजू फाटते. कपलिंग कंडेन्सर .022 बदलला. उजवीचा चांगला, राहू दिला. त्यापुढे माझ्या वडिलांचं नाव. बाकी रु. 14.

पहिला भाग मी मोठ्यानं वाचला. शेवटचा वाचला नाही.

"मंग आता कोनता गेला असन?" त्यांनी विचारलं.

तो उजवीचाच असणार, जो त्यांनी तेव्हा राहू दिला होता. पण त्यांनी मीटर लावायला लावलंच. वहीवर विश्वास ठेवायचा, तपासल्याशिवाय नाही. पुन्हा वीज दिली. आवाज देणारा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना ईएल 84. डावीकडे तिसऱ्या टोकाला, म्हणजे कॅथोडला, सात व्होल्टच्या आसपास. जे हवेत ते. उजवीकडे त्याहून बरेच जास्त. मग दुसऱ्या टोकाला, ग्रिडला: डावीकडे शून्य, उजवीकडे चार व्होल्ट, तेही धन. तिथं असा दाब येण्याचं कारणच नाही. आधीच्या टप्प्यातला उच्च दाब अडवून फक्त आवाज पुढे सोडणं, हे त्या कंडेन्सरचं काम. आतला कागद जुना झाला, डांबर तडकलं, आणि तो दाबही झिरपू लागला. त्यामुळे व्हॉल्व्ह नको इतका प्रवाह ओढत होता. अंधारात पाहिलं तर आतल्या राखाडी पत्र्यावर एक लालसर ठिपका दिसू लागला होता. अजून काही तास तसाच चालला असता तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला असता, आणि तो आता मिळत नाही.

बाकीचं काम साधं, वेळखाऊ. नागपूरला सीताबर्डीवर एका जुन्या दुकानात 630 व्होल्टचे पॉलिएस्टर कंडेन्सर मिळाले, दोन्ही बाजूंसाठी घेतले. डावीचा 1983चा होता, त्याचंही वय झालंच होतं. फिल्टरचा पन्नास अधिक पन्नास मायक्रोफॅरडचा डबा तसाच दिसायला ठेवला, तारा काढून घेतल्या आणि खाली नवे 47चे दोन बसवले. सेलेनियमचा रेक्टिफायर काढला. तो तापून गेला तर सडक्या लसणासारखा वास सोडतो आणि तो वास बरा नसतो. त्याच्या जागी साधे चार 1एन4007 डायोड. त्यांच्यात दाब फारसा खर्च होत नाही, म्हणून पुढचे व्होल्ट वीस-पंचवीसनं वाढतात. ते उतरवायला मोठा रेझिस्टन्स मालिकेत घालावा लागला. बटणांचे चांदीचे संपर्क काळे पडले होते, ते स्पिरिटनं पुसले. डायलला मासे पकडायची दोरी लावली. घरघर गेली. उजवी बाजू डावीसारखी गाऊ लागली. हिरवा डोळा मात्र फिका राहिला. तो पुन्हा तेजस्वी करता येत नाही, बदलावाच लागतो.

ग्रुंडिगबद्दल नंतर वाचलेलं एक सांगतो. युद्धानंतर 1946मध्ये जर्मनीत तयार रेडिओ विकायला परवानगी लागे. माक्स ग्रुंडिगनं तेव्हा व्हॉल्व्ह नसलेला, लोकांनी स्वतः जुळवायचा सुट्या भागांचा संच विकायला काढला, नाव 'हाइन्त्सेलमान'. रेडिओला परवानगी लागे, सुट्या भागांना नाही. मास्तरांना हे वाचून दाखवलं तर ते खूश झाले. "म्हंजे हा पैलेपासून लोकायच्याच हातचा," म्हणाले.

पैशांचं राहिलं. 1983ला कापसाचे पैसे आमच्या घरी हातात टिकले नव्हते, आणि त्या वर्षाचा विषय आमच्याकडे कुणी काढत नसे. वडिलांनी चौदा रुपये बुडवले असं मला वाटत नाही, राहून गेले. मास्तरांनी मागितले नाहीत, आणि मी त्यानंतरही त्यांच्या दुकानात जाऊन बसत असे, तेव्हा एकदाही त्यांच्या बोलण्यातून ते कळलं नाही. मी पाचशेची नोट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंगठ्यानं चाचपली.

"कितीची हाय?"

"पाचशे."

"बाकी चौदा हाय."

मग नातू कोपऱ्यावरच्या दुकानातून नोट मोडून आला. मी दहाचं नाणं आणि दोनची दोन नाणी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती बोटांनी ओळखली, बंडीच्या खिशात टाकली आणि नातवाला त्या ओळीवर रेघ मारायला सांगितली. उरलेले पैसे मी घेईपर्यंत त्यांनी दुसरी मूठ उघडून धरली होती. दुरुस्तीचं, सल्ल्याचं काही घ्या म्हणालो तर म्हणाले, "काम तू केलं. मी तं बाजेवर होतो."

मग त्यांनी वहीची पुढची पानं वाचायला लावली. शिरखेड, नेरपिंगळाई, लेहगाव. बारा रुपये, सहा रुपये, साडेतीन. प्रत्येक नावावर ते थांबत आणि सांगत, हा गेला, याचा पोरगा मोर्शीत असते, याची जमीन विकली. पैशांबद्दल एक शब्द नाही. प्रत्येक नावामागे एकच प्रश्न: "तो मर्फी कोनाकडे हाय आता? तो बुश पाय ना कुठं हाय ते."

म्हणून मी त्या यादीतले सेट शोधत फिरू लागलो, सुटीच्या दिवशी, जमेल तसा. बरेच भंगारात गेले होते. एका घरी कोनाड्यात मर्फी सापडला, कापडी झाकण घातलेला. घरधनी म्हणाले, जुना होता, बंद पडला, काय झालं ते माहीत नाही. मी विचारलं, तेव्हा कोण ऐकत होतं? आतून सासूबाई बाहेर आल्या. त्यांनी सांगितलं की हिरवा दिवा बरोबर लहान-मोठा व्हायचा, स्टेशन लागलं की मिटायचा, पण आवाज टाचणीएवढाही यायचा नाही. डोळा स्टेशन ओळखतोय म्हणजे पुढचं सगळं शाबूत, बिघाड शेवटच्या टप्प्यात. मीटर लावला, आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी तुटलेली.

मी तिथूनच मास्तरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं: बाई काय म्हणाल्या, डोळा काय म्हणाला, मीटर काय म्हणाला.

पलीकडून आवाज आला, "समदे बोलले ना? मंग मले कायले इचारतं?"